फी भरल्याशिवाय ओपन ॲक्सेस नाहीच?

ओपन ॲक्सेस म्हणजे कुणालाही फुकट वाचता येतील असे संशोधन लेख. त्याबद्दल कुणीतरी लिहिलंय की लेखकाने पैसे मोजा आणि छापून घ्या. हे अर्धंच खरं आहे. डीओएजे ही मुक्त नियतकालिकांची सूची २००३ पासून चालू आहे आणि तिच्यातली बहुतेक नियतकालिकं लेखकाकडून एक रुपयाही घेत नाहीत. नुसती फी उकळणाऱ्या फसव्या मासिकांमुळे चांगल्यांचं नाव खराब होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी स्वतः फसता फसता वाचलो, ते नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयामुळे. लेख छापायला पंधरा हजार फी मागणारा एका मासिकाचा मेल आला होता, दुसऱ्या दिवशी पैसे भरणारच होतो. ग्रंथपाल मॅडमनी शेजारी बसवून आधी त्यातला आयएसएसएन नंबर, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकायला लावला. तो भलत्याच मासिकाचा निघाला! मग त्यांनी शेर्पा रोमिओ ही प्रकाशकांचे नियम सांगणारी वेबसाइट उघडून माझ्या एका जुन्या लेखाबद्दल प्रकाशकाचा नियम दाखवला: प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ नाही, पण छापायला स्वीकारलेली लेखकाची अंतिम प्रत बारा महिन्यांनंतर खुली ठेवता येते, तीही फुकट. त्याच दुपारी ती इंटरनेटवर चढवली. गेल्या महिन्यात गडचिरोलीच्या एका प्राध्यापकांनी तो लेख वाचून मेल केला.