मदत हवी आहे: फर्मवेअर बदलल्यापासून ईईजी बोर्डाचे आठही चॅनेल सपाट

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन हा विषय शिकवते. अंतिम वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आम्ही एका खुल्या आराखड्यावरून मेंदूलहरी मोजणारे दोन बोर्ड तयार करून घेतले आहेत. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात वाढणाऱ्या अल्फा लहरी ओळखून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घंटी वाजवायची, एवढाच प्रकल्पाचा हेतू आहे. बोर्डावर एडीएस१२९९ ही आठ चॅनेलची, २४ बिटांची चिप असून तिच्याकडून एसपीआयवरून (दोन चिपना जोडणाऱ्या तारांवरून) आकडे घेऊन वाय-फायवर पाठवण्याचे काम ईएसपी३२ हा छोटा नियंत्रक करतो. सर्व चाचण्या लिथियम सेलवर केल्या जातात. कोणाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले असताना बोर्ड चार्जरला जोडायचा नाही, हा नियम आमच्या प्रयोगशाळेत काटेकोरपणे पाळला जातो.

जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावर चढवलेल्या प्रोग्रॅममध्ये, वाय-फाय मधूनमधून तुटत असे, म्हणून मागच्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी एका बोर्डावर त्याच खुल्या प्रकल्पाची नवी आवृत्ती चढवली. वाय-फायची तक्रार तेव्हापासून खरोखरच गेली, परंतु त्याच क्षणापासून त्या बोर्डाचे आठही चॅनेल सपाट झाले आहेत. पापण्यांची उघडझाप केली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर एरवी ठसठशीत उंचवटा दिसतो, तो दिसत नाही. डोळे मिटले तरी अल्फा नाही. पडद्यावर शिखरापासून शिखरापर्यंत जेमतेम १ मायक्रोव्होल्टची बारीक थरथर असलेली एक सरळ रेषा आहे, आणि आठही चॅनेलवर ती सारखीच आहे.

आतापर्यंत काय काय तपासले ते सांगते, म्हणजे सुचवणाऱ्यांचा वेळ वाया जाणार नाही. तीच टोपी, तेच इलेक्ट्रोड आणि तीच केबल दुसऱ्या बोर्डाला लावल्यास सर्व काही व्यवस्थित दिसते. त्या बोर्डावर अजून जुने फर्मवेअर आहे. नव्या फर्मवेअरच्या बोर्डावर चिपची ओळख सांगणारे रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवण्याचा कप्पा) हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, ३ई असेच वाचले जाते, म्हणजे चिप जिवंत आहे आणि बोलतेही आहे. डेटा तयार असल्याचा इशारा ऑसिलोस्कोपवर दर ४ मिलिसेकंदांनी नेमका येतो. सेकंदाला २५० नमुने मिळतात, एकही गळत नाही, आणि प्रत्येक नमुन्याच्या २७ बाइटांपैकी पहिला बाइट हेक्स सी० असतो, जसा असायला हवा. चिपचा अंतर्गत चाचणी तरंग सुरू करण्याची आज्ञाही देऊन पाहिली. सेकंदाला साधारण एक चौकोनी ठोका दिसायला हवा होता, तोही दिसला नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात उलगडलेली नाही. एका विद्यार्थ्याने सहज म्हणून संगणकावरून तिसऱ्या चॅनेलचा गेन (संकेत किती पट वाढवायचा तो आकडा) २४ वरून १२ केला, आणि त्याच क्षणी त्या एकाच चॅनेलवर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण उमटली. टोकाला बोट लावले की ती वाढत होती. गेन पुन्हा २४ केल्यावरही तो चॅनेल चालूच राहिला. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा तोही इतर सात जणांसारखा गप्प झाला. मला वाटले की कुठे तरी कोरडे सोल्डर आहे आणि हलवल्यावर ते टेकते, म्हणून मी तिसऱ्या चॅनेलच्या आगमनाजवळचे (इनपुटजवळचे) जोड पुन्हा सोल्डर केले. काहीही फरक पडला नाही.

जुन्या आवृत्तीची फाइल आमच्याकडे जपून ठेवलेली नाही, हा निष्काळजीपणा मान्य आहे. ती आता फक्त दुसऱ्या बोर्डाच्या पोटात आहे, आणि त्या बोर्डाला हात लावायची आमची हिंमत होत नाही. बाह्य परीक्षक येण्याला बारा दिवस उरले आहेत. दोष बोर्डात शोधावा की फर्मवेअरमध्ये, एवढे जरी कोणी खात्रीने सांगितले तरी उपकार होतील.

प्रतिसाद

इलेक्ट्रोडची पेस्ट वाळलेली असण्याची शक्यता आहे. कानाच्या पाळीवरचा संदर्भ इलेक्ट्रोड स्पिरिटने पुसून पुन्हा लावून पाहावा.

धागाकर्तीचे उत्तर

आभार. मात्र तेच इलेक्ट्रोड दुसऱ्या बोर्डावर चालतात, आणि चाचणी तरंग तर चिपमध्येच तयार होतो, त्याला इलेक्ट्रोड लागत नाहीत. तरीही पुसून, नवी पेस्ट लावून पाहिले. रेषा सपाटच आहे.

प्रतिसाद

ताई, मी बारा वर्षे रुग्णालयांतील मॉनिटर आणि ईसीजी यंत्रे दुरुस्त करण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपण इतक्या नीट लिहिले आहे की उत्तर बहुतेक आपल्याच मजकुरात आहे. कृपया सोल्डरिंग गन खाली ठेवा.

सर्वात आधी त्या १ मायक्रोव्होल्टकडे पाहा. इलेक्ट्रोड नीट बसलेला नसेल, तार तुटली असेल किंवा सोल्डर कोरडे असेल, तर रेषा सपाट होत नाही, उलट ती बेताल होते. मोकळे सुटलेले टोक खोलीतली सगळी ५० हर्ट्झ गोळा करते आणि पडदा भरून टाकते. आपली रेषा गरजेपेक्षा जास्त स्वच्छ आहे. गेन २४ असताना आणि आगमनाची दोन्ही टोके आतल्या आत एकमेकांना जोडलेली असताना या चिपचा स्वतःचा आवाज डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) सुमारे १ मायक्रोव्होल्ट, शिखर ते शिखर, असाच दिला आहे. म्हणजे आपल्याला जे दिसते आहे ते कोणाच्या डोक्यातून आलेले नाही. बाहेरच्या पिना तोडून चिप स्वतःशीच बोलते आहे.

आता ती असे का करेल? चालू झाल्यावर किंवा रिसेट झाल्यावर प्रत्येक चॅनेलच्या रजिस्टरमध्ये हेक्स ६१ हा आकडा आपोआप असतो. त्यातला ६ म्हणजे गेन २४, आणि शेवटचा १ म्हणजे ‘आगमन आतून शॉर्ट’. सामान्य मोजणीसाठी तिथे ६० लिहावे लागते, चाचणी तरंगासाठी ६५. माझा अंदाज असा की आपले फर्मवेअर सुरुवातीला आठही चॅनेलना ६० लिहू पाहते, पण ते लिहिणे चिपपर्यंत पोहोचत नाही. सेकंदाला २५० नमुने हीदेखील चिपची मूळचीच सवय असल्यामुळे बाकीचा देखावा सुरळीत दिसतो आणि माणूस इलेक्ट्रोडच्या मागे लागतो. गेन बदलल्यावर तिसरा चॅनेल जागा झाला, कारण ती आज्ञा वेगळ्या वाटेने गेली आणि पोहोचली. गेनबरोबर शेवटचा १ पुसला गेला.

लिहिणे न पोहोचण्याची दोन कारणे मी पाहिली आहेत. पहिले म्हणजे ही चिप चालू होताच सलग डेटा देण्याच्या अवस्थेत जाते आणि त्या अवस्थेत रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा मानत नाही. आधी थांबण्याची आज्ञा, म्हणजे हेक्स ११, द्यावी लागते. परंतु आपल्याला ओळख रजिस्टर वाचता येते, त्या अर्थी ही आज्ञा जात असावी. दुसरे कारण अधिक संभाव्य वाटते, पण ते मी आताच सांगत नाही, कारण सांगितले की माणूस तेच शोधू लागतो. कृपया तीन गोष्टी करून आकडे इथे द्यावेत. एसपीआयचा वेग १ मेगाहर्ट्झवर आणून, बोर्ड नुकताच सुरू झालेला असताना, सर्व रजिस्टरे वाचा. नंतर तिसऱ्या चॅनेलचा गेन १२ करून पुन्हा २४ करा आणि परत वाचा. लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरून जाणारे बाइट टिपणारे उपकरण) असल्यास सुरुवातीच्या लिहिण्याचा आणि गेनच्या आज्ञेचा असे दोन्ही तुकडे टिपा आणि दोन बाइटांमधले अंतर मोजा.

आणि दुसऱ्या बोर्डाला घाबरू नका. ईएसपी३२ साठीच्या ईएसपीटूल या प्रोग्रॅममधल्या फ्लॅश वाचण्याच्या आज्ञेने त्याच्या पोटातली पूर्ण ४ मेगाबाइट प्रत संगणकावर काढता येते. त्यात काही पुसले जात नाही. हे आजच करून ठेवा.

धागाकर्तीचे उत्तर

सर, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. जुन्या फर्मवेअरची प्रत दोन ठिकाणी ठेवली आहे.

बोर्ड नुकताच सुरू केल्यावर कॉन्फिग १ या मांडणीच्या रजिस्टरमध्ये ९६, कॉन्फिग ३ मध्ये ईसी, आणि संदर्भ इलेक्ट्रोड सर्व चॅनेलना जोडणाऱ्या रजिस्टरमध्ये २० असे योग्य आकडे आहेत. चॅनेलची आठही रजिस्टरे मात्र ६१ दाखवतात. गेनची कसरत केल्यावर फक्त तिसऱ्यात ६० आले. आपला अंदाज आकड्यानिशी खरा ठरला, आणि मी विनाकारण गन हातात घेतली हेही सिद्ध झाले.

लॉजिक अ‍ॅनालायझरवरचे चित्र असे आहे. कॉन्फिग रजिस्टरे आणि गेनची आज्ञा लिहिताना एकेक बाइट स्वतंत्रपणे जातो आणि दोन बाइटांमध्ये ३ मायक्रोसेकंदांच्या आसपास मोकळी जागा दिसते. आठ चॅनेल लिहिताना मात्र हेक्स ४५, मग ०७, मग आठ वेळा ६०, असे दहाही बाइट एका दमात, मध्ये श्वासही न घेता जातात. तिथे एसपीआयचे घड्याळ ८ मेगाहर्ट्झचे आहे.

प्रतिसाद

हेच ते दुसरे कारण. या चिपचे स्वतःचे घड्याळ २.०४८ मेगाहर्ट्झचे आहे आणि एकाहून अधिक बाइटांची आज्ञा असली की प्रत्येक बाइट उलगडायला तिला त्या घड्याळाचे ४ ठोके, म्हणजे १.९५ मायक्रोसेकंद, लागतात. ४ मेगाहर्ट्झवर एक बाइट २ मायक्रोसेकंदांत जातो; काठावर का होईना, पण तो नियमात बसतो. ८ मेगाहर्ट्झवर तोच बाइट १ मायक्रोसेकंदात येऊन धडकतो, आणि आधीचा पुरता कळायच्या आत पुढचा दारात उभा असतो. डेटाशीटमध्ये एसपीआयची कमाल मर्यादा २० मेगाहर्ट्झ अशी मोठ्या तक्त्यात दिली आहे आणि ही अट निराळ्या परिच्छेदात आहे, त्यामुळे अनेकांची फसगत होते. नमुने वाचताना ही अट लागू नाही, म्हणून आपला डेटा एकही बाइट न गळता येत राहिला.

उपाय साधा आहे. रजिस्टरे लिहिताना एसपीआयचे घड्याळ २ मेगाहर्ट्झवर ठेवा, किंवा दर बाइटानंतर किमान २ मायक्रोसेकंद थांबा. शेवटचा बाइट गेल्यावरही ४ ठोके जाऊ द्या आणि मगच चिप सिलेक्ट (चिपला ‘तुझ्याशी बोलतो आहे’ असे सांगणारी तार) वर न्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिहून झाल्यावर प्रत्येक रजिस्टर परत वाचून ताडून पाहणारा तुकडा टाका, आणि आकडा जुळला नाही तर बोर्डाने डेटा पाठवायलाच नकार द्यावा. खोटा सपाट डेटा पाठवणाऱ्या यंत्रापेक्षा लाल दिवा लावून बसलेले यंत्र परवडते, विशेषतः त्याच्या भरवशावर रुग्णाची घंटी वाजणार असेल तेव्हा.

तसेही आपल्याला ८ मेगाहर्ट्झची गरज का भासली? २७ बाइट वाचायला ४ मेगाहर्ट्झवर ५४ मायक्रोसेकंद पुरतात, आणि दोन नमुन्यांमध्ये आपल्याकडे ४००० मायक्रोसेकंद आहेत.

धागाकर्तीचे उत्तर

याचे उत्तर देताना थोडे ओशाळल्यासारखे होत आहे. नव्या आवृत्तीच्या मूळ फाइलमध्ये घड्याळ ४ मेगाहर्ट्झचेच होते. फर्मवेअर चढवताना आमच्याच एका विद्यार्थ्याने ‘चिपला २० चालतात, मग ८ करूया, वाय-फायला मोकळा वेळ मिळेल’ असा विचार करून एक आकडा बदलला आणि तो बदल त्याच्या स्वतःच्याही लक्षात राहिला नाही. गेला आठवडाभर आम्ही ज्यांनी ती आवृत्ती फुकट उपलब्ध करून दिली त्यांच्या नावाने बोटे मोडत होतो.

लिहिताना २ मेगाहर्ट्झ, वाचताना ४, आणि लिहिल्यानंतर ताडणी, असा बदल काल रात्री केला. आज सकाळी पहिल्याच खेपेला चाचणी तरंगाचे चौकोनी ठोके आठपैकी सात चॅनेलवर उमटले. नंतर टोपी चढवली. कपाळावरच्या दोन्ही चॅनेलवर पापण्यांचे उंचवटे आले, आणि डोळे मिटून दोन-तीन सेकंद होतात न होतात तोच मागच्या चॅनेलवर १० हर्ट्झच्या आसपास अल्फाची लाट उभी राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तर टोपी घातलेल्याने दचकून डोळे उघडले आणि लाट गेली.

आता उरला तिसरा चॅनेल. त्याचे रजिस्टर ६५ दाखवते, ताडणीही जुळते, तरीही चाचणी तरंग त्यावर मधूनच विझतो, आणि टोपी लावली की तिथे ५० हर्ट्झच ५० हर्ट्झ आहे. भिंगाखाली पाहिले असता, मी सोल्डर केलेल्या २.२ किलोओहमच्या रोधाचा चिपकडचा पॅड (बोर्डावरची सोल्डर करायची जागा) तांब्यासकट उचललेला दिसतो. तो रोध ०६०३ या अगदी छोट्या मापाचा आहे. त्या टोकापासून पातळ एनॅमलची तार नेल्यास ती कुठे टेकवावी?

प्रतिसाद

उचललेल्या पॅडमुळे ५० हर्ट्झ नक्कीच येईल, पण चाचणी तरंग विझायला नको, कारण तो पॅडवरून येतच नाही. त्या अर्थी गनची उष्णता चिपच्या पायापर्यंत गेली असावी किंवा सोल्डरचा बारीक थेंब शेजारच्या दोन पायांमध्ये अडकला असावा. आधी भिंगाखाली चिपचे ते पाय पाहा, फ्लक्स लावून सोल्डर शोषणाऱ्या वेणीने थेंब टिपून घ्या आणि चाचणी तरंग स्थिर होतो का ते बघा. तो स्थिर झाला, तरच तार घाला: रोधाच्या उचललेल्या टोकापासून त्याच चॅनेलच्या १००० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचे जे टोक ग्राउंडला गेलेले नाही, तिथपर्यंत. ती दोन्ही टोके आराखड्यात एकाच जोडावर आहेत, आणि कपॅसिटरचा पॅड मोठा असल्यामुळे तो सहसा उचलला जात नाही. थेट चिपच्या पायाला तार लावण्याचा मोह टाळा. आणि या वेळी गन ३२० अंशांच्या वर नेऊ नका.