अनुभव धागा: तेव्हा मधे कोण पडलं?

घरातली मारहाण, संशय, पैसे अडवणं. 'सहन करू नका' हे सगळेच सांगतात, इथे त्याच्या पुढचं लिहा. कोणी नेमकं काय केलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही. नावगाव नको.

वरच्या मजल्यावरची: खालच्या फ्लॅटमधून रात्री भांडी आपटल्याचे आवाज यायचे आणि मग एकदम चिडीचूप. आमचे हे म्हणायचे त्यांच्या घरचं आहे, आपण कशाला. ती 'बेल बजाओ'ची जाहिरात टीव्हीवर लागायची ना, 2008 च्या सुमाराला, शेजारी मारहाण ऐकू आली की काही निमित्त काढून बेल वाजवा म्हणणारी, तेच डोक्यात होतं, वाटी घेऊन खाली गेले आणि विरजण मागितलं. रात्री साडेअकराला विरजण! दार त्यानेच उघडलं, मला कळलंय हे त्याला कळलं. त्या रात्रीपुरतं थांबलं. नंतर जिन्यात तिला एवढंच म्हटलं, कधीही बेल मार. मारली तिने, पण खूप उशिरा.

परत आलेली: मला कधी मारलं नाही. एटीएम कार्ड सासूबाईंकडे, फोनचा पासवर्ड नवऱ्याला, मैत्रिणीला भेटले की आठवडाभर अबोला. आई म्हणे, हात तर उचलत नाही ना? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक आणि मानसिक छळही धरलाय हे संरक्षण अधिकारी मॅडमकडून (याच कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमलेल्या अधिकारी) कळलं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा आदेश मागता येतो, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलंय. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखांवर तारखा, तेवढी तयारी ठेवा.

एक वाचक: पण इतकी वर्षं राहतातच कशाला?

धाकटा भाऊ: निघतानाच सगळ्यात जास्त धोका असतो, म्हणून. ताईने आधार, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या ज्वारीच्या डब्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या, आणि फोटो काढून माझ्या फोनवर पाठवून तिच्याकडचे डिलीट. तो कामावर गेल्यावर रिक्षा घेऊन गेलो. आधी सांगून, चर्चा करून वगैरे अजिबात नाही.

नाशिककर: 112 ला फोन केला, गाडी आली, पण चौकीत 'मिटवून घ्या' म्हणत नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहिली. खरी मदत झाली ती पोलीस स्टेशनच्या आवारातल्या महिला-मुलांच्या विशेष कक्षात. हे कक्ष 1984 ला मुंबईत सुरू झाले, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथल्या ताईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं आणि बोलणं आधी माझं ऐकलं, मग त्याचं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

नवीन सभासद: आमच्या कामवाल्या मावशींचा डोळा परवा काळानिळा होता. त्या लिहून द्यायला तयार नाहीत. मी कळवू शकते का?

परत आलेली: हो, संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही कळवू शकतं, चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. पण आधी मावशींना विचारा, घरी परत त्यांनाच जायचंय. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये दुसऱ्याच नावाने सेव्ह करून द्या.