सातेरी मधमाश्यांच्या पेटीत अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरतायत, काय करू?

आजऱ्याची_मधवाली:
नमस्कार मंडळी. आमच्या काजूच्या बागेत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, 9 पेट्या आहेत. पावसाळ्यात पाक देऊन तगवल्या, पण गणपतीनंतर दोन पेट्यांत अळ्या मरायला लागल्या आणि आता चार पेट्यांत तेच. कप्प्याचं झाकण अर्धवट उघडं, आत अळी लांबट होऊन पडलेली, तोंड वरच्या बाजूला, चिमट्याने ओढली की अख्खी पिशवीसारखी बाहेर येते आणि आत नुसतं पाणी. घाण वास नाही. सकाळी पेटीपुढे कामकरी माश्यांनी ओढून टाकलेल्या अळ्या दिसतात. मी चांगल्या पेटीतली पिलाव्याची (अंडी-अळ्या असलेल्या पोळ्याची) फ्रेम कमजोर पेटीत दिली होती आणि तिथली रिकामी इकडे आणली होती, त्यानेच पसरलं का? एका दुकानदाराने पाकातून टेट्रासायक्लिन द्यायला सांगितलंय. देऊ का? सासऱ्यांनी हाताने जमवलेल्या पेट्या आहेत, बघवत नाही हो.

डोंगरी_मध:
ताई, टेट्रासायक्लिन अजिबात देऊ नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं थाई सॅकब्रूडची आहेत आणि तो व्हायरस आहे, अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही, उलट औषधाचा अंश मधात उतरतो आणि तो मध माणसं खातात. हा रोग 1976 ला थायलंडमध्ये पहिल्यांदा दिसला म्हणून हे नाव, आणि 1991-92 च्या सुमारास दक्षिणेत, केरळात तर सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या होत्या, मेलिफेराला, म्हणजे परदेशी मधमाशीला, मात्र याचा तसा त्रास होत नाही.

तरी आधी खात्री करा. अळी झाकण लागायच्या आधीच पिवळी पडून वेडीवाकडी मरत असेल आणि आंबूस वास असेल तर तो युरोपियन फाऊलब्रूड, तो बॅक्टेरियाचा. झाकण आत खचलेलं, भोकं पडलेलं असेल तर आत काडेपेटीची काडी फिरवून हळू वर ओढा, चिकट तार निघाली तर अमेरिकन फाऊलब्रूडचा संशय, तेव्हा कशाला हात न लावता पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत विचारा, त्याचे बीजाणू फ्रेममध्ये वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

आता सॅकब्रूडचं. फ्रेमची अदलाबदल आजपासून बंद, हो, बहुतेक त्यानेच पसरलं, पण हे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हातून होतं, मनाला लावून घेऊ नका. जास्त खराब पोळी काढून वितळवा, माश्या असतील तेवढ्याच फ्रेम ठेवा, मेणकिड्यालाही जागा राहत नाही. मग आजारी पेटीतली राणी काढा आणि ज्या पेटीत रोग आलाच नाही तिथलं पिकलेलं राणीघर (नवी राणी जिथून निघते तो कप्पा) द्या. नवी राणी निघून, मिलन होऊन अंडी घालेपर्यंत पंधराएक दिवस नवी अळीच नसते, त्या काळात माश्या कप्पे साफ करतात आणि व्हायरसला खायला काही उरत नाही. वर रोगाला न बळी पडलेल्या पेटीची जात पुढे जाते, माझ्या मते औषधापेक्षा ही निवडच खरा इलाज आहे.

मेलिफेरावाला_नगर:
वरच्या सगळ्याला सहमत. आमच्याकडे मेलिफेरा आहे, पेट्या सूर्यफुलाला, मोहरीला फिरवतो, तिथे दुखणं वेगळं, व्हरोआ गोचीड. सातेरी माशी एकमेकींच्या अंगावरची गोचीड काढते आणि ती बहुतेक नराच्याच पिलाव्यात वाढते, म्हणून सातेरीला झेपते, मेलिफेराला नाही. मी 300 माश्या बरणीत घेऊन पिठीसाखर टाकून हलवतो आणि खाली पडलेल्या गोचिडी मोजतो, नऊच्या वर गेल्या की फॉर्मिक ॲसिड, 85 टक्क्यांचं, छोट्या बाटलीत 5 मिली आणि कापसाची वात. हातमोजे, चष्मा पाहिजेच, ते कातडी जाळतं. मध यायचा असेल तेव्हा आणि कडक उन्हात देत नाही. नराच्या कप्प्यांची पोळी झाकण लागल्यावर कापून टाकतो, त्यात निम्मं काम होतं. पण ताई, हे तुमच्या पेट्यांना नको, तुमचं दुखणं गोचिडीचं नाही.

आजऱ्याची_मधवाली:
खूप आभार दोघांचेही. काडी फिरवून बघितली, तार नाही निघाली. एक शंका, आजारी चारही पेट्या शेजारी शेजारीच आहेत, त्या लांब हलवू का? आणि पाक द्यायचा का?

डोंगरी_मध:
चार आजारी पेट्या चांगल्यांपासून जेवढ्या लांब नेता येतील तेवढ्या न्या, संध्याकाळी दारं बंद करून. पाक द्या, पण पेटीच्या आत, बाहेर सांडू नका, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात आणि रोग घेऊन जातात. दार बारीक करा. आधी चांगल्या पाच पेट्या तपासायच्या, मग आजारी, आणि हात, चिमटा, सुरी वॉशिंग सोड्याच्या पाण्याने धुवायची. राणीघर मिळेपर्यंत ज्या पेटीत पिलावा सर्वात स्वच्छ दिसतो तिच्यावर खडूने खूण करून ठेवा.