सोळाव्या वर्षी स्कूटरची किल्ली: शिक्षा आईबापांना का?

रस्त्याकडेचा: मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199-अ आलं. अल्पवयीनाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला यात काहीच गैर वाटत नाही. 'त्याने गुपचूप किल्ली उचलली' ही सबब ऐकून कान किटले. कायदा पालकांची संमती गृहीतच धरतो. नव्हती हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर.

सहाचा_क्लास: घरबसल्या बोलणं सोपं आहे हो. पहाटे सहाला क्लास, पहिली बस साडेसहाची. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवायची मुभा कायदाच देतो ना? मग शोरूममध्ये जाऊन तशी स्कूटर मागून बघा. 110 नाहीतर 125 ची दाखवतील.

चार्जिंगवाला: ताशी 25 किमीच्या आतल्या, 250 वॉटपेक्षा कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही. ती घ्या की.

सहाचा_क्लास: आणि चढावर उतरून ढकला!

चार्जिंगवाला: म्हणूनच लोक वेगाचा लॉक काढून घेतात. पण लॉक निघाला की ती सरळ मोटार वाहन ठरते. नंबरप्लेट, लायसन्स, विमा सगळं लागतं, आणि यातलं काहीच नसतं.

क्लेमचा_कागद: विम्यावरून आठवलं. 'इन्शुरन्स भरलाय, काळजी नाही' असं म्हणणाऱ्या पालकांसाठी. थर्ड पार्टी विमा समोरच्या जखमीसाठी असतो. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला सांगतं: आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. स्वर्णसिंग खटल्यात (2004) सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर मांडलंय. म्हणजे हप्ते तुम्ही भरायचे आणि भरपाईची रक्कमही शेवटी तुमच्याच खिशातून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर विसराच.

सहाचा_क्लास: पैशाचं पटलं. पण पंचविशीपर्यंत लायसन्स बंद, हे कोणाला भोवतं? पैसेवाल्याचा मुलगा ड्रायव्हर ठेवेल. डिलिव्हरी, रिक्षा, टेम्पो यावर पोट भरू पाहणाऱ्या पोराची मात्र उमेदीची सात-आठ वर्षं गेली.

रस्त्याकडेचा: हा मुद्दा वजनदार आहे. ती अट गुन्हा बघून कमी-जास्त करावी, हे मान्य. पालकांच्या शिक्षेवर मात्र मी ठाम आहे. ज्याला गाडीने उडवलं, त्याने क्लासचं वेळापत्रक बघायचं का? आणि सुटकेची वाट कायद्यातच आहे: मुलाकडे शिकाऊ लायसन्स असेल आणि गाडी त्या लायसन्सात बसणारी असेल, तर 199-अ मधली पालकांची जबाबदारी लागू होत नाही.

सहाचा_क्लास: आणि सोळाव्या वर्षी ते शिकाऊ लायसन्स मिळतं कुठल्या गाडीचं? 50 सीसीचंच ना?

क्लेमचा_कागद: हो, 50 चंच.