ॲशबर्नर हे आडनाव मूळ कुठलं? आणि एवढं दुर्मिळ का?

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. जरा वेगळाच प्रश्न आहे, इथे इतिहासवाले बरेच आहेत म्हणून टाकतोय. वाड्याची एक बाजू उतरवायला घेतली तेव्हा आबांच्या लोखंडी पेटीत एक सनद निघाली, वतनाच्या जमिनीची, छापील, अर्धी इंग्रजी अर्धी मराठी, खाली कलेक्टर खानदेश म्हणून सही आणि भिंग लावून बराच वेळ बसल्यावर ते नाव एल. आर. ॲशबर्नर असं लागलं. साल १८६ पर्यंत दिसतं, पुढचा आकडा वाळवीने खाल्लाय.

सनदेचं काय ते वकील बघतील, माझ्या डोक्यात बसलंय ते आडनाव. स्मिथ, ब्राऊन, टेलर आपण ऐकून आहोत, हे कधी कानावरच आलं नाही. चुलतभाऊ म्हणतो जर्मन असणार. मास्तर म्हणतात डर्बीशायरमध्ये ॲशबोर्न नावाचं गाव आहे, तिथला तो ॲशबर्नर, जसा नशिराबादचा नशिराबादकर. पोरगं म्हणतं पप्पा सोपं आहे, राख जाळणारा. आता राख कोण जाळतं भो, ती तर जळून झालेलीच असते ना. कोणाला माहीत असेल तर सांगा, हे आडनाव आलं कुठून आणि आज जगात किती लोकांचं असेल, ते काढायचं कसं.

धुळे_दफ्तर

सही खरी असणार. लिओनेल रॉबर्ट ॲशबर्नर, १८६० च्या दशकात खानदेशचा कलेक्टर होता. तेव्हा खानदेश एकच जिल्हा, कचेरी धुळ्याला. अमेरिकेत यादवी युद्ध लागलं १८६१ ला, तिकडचा कापूस बंद, इकडे भाव आभाळाला, आणि मग गाठोड्यात सरकी, माती, पाणी काय वाट्टेल ते घालायला लागले लोक, म्हणून मुंबई सरकारने १८६३ ला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच केला. त्याच काळात या साहेबाने आपल्याकडे हिंगणघाटी बियाणं पसरवायचा जोर लावला होता. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये (कॅम्पबेलचा बारावा खंड) कापसाचा भाग उघडा, नाव सापडेल. हाच माणूस पुढे १८८० मध्ये मार्च-एप्रिलमध्ये काही आठवडे मुंबईचा हंगामी गव्हर्नर होता.

सनद बहुतेक १८६३ च्या दुसऱ्या ॲक्टखालची असावी, इनाम-वतनांचा सरसकट निकाल लावायला तो कायदा दख्खन आणि खानदेशसाठी केला होता. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका तिचं. दुकानदार म्हणतो टिकेल, पण उष्णतेने कागद जातो आणि प्लास्टिक परत निघत नाही. मोडी मजकूर असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात विचारा.

भुसावळ_ते_प्रेस्टन

केळीवाले दादा, पोरगं बरोबर आहे, त्याला पेढा द्या. मी मूळ भुसावळचा, आता नोकरीला उत्तर-पश्चिम इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये, आणि हे आडनाव इथून वर थोड्या अंतरावरचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मास्तरांचं. इंग्रजीत ॲश म्हणजे एक झाड पण आणि राख पण, आज स्पेलिंग एकच आहे पण जुन्या इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होते. ॲश्टन, ॲश्बी, ॲशफर्ड ही सगळी झाडाची, गावावरून आलेली. ॲशबर्नहॅम, ॲशबर्टन यांच्यातला बर्न म्हणजे ओढा. त्यामुळे ॲशबर्नर पण त्याच रांगेतला वाटणं साहजिक आहे, पण तो धंद्याच्या रांगेतला आहे, स्मिथ, टेलर, मिलर बसतात तिथला. बर्नर म्हणजे जाळणाराच, आणि ॲश म्हणजे राखच.

आता राख कोण जाळतं. राखेसाठी जाळायचे. डोंगरावर ब्रॅकन नावाचं नेच्यासारखं झुडूप माजतं, ते आणि लाकूडफाटा कापून खड्ड्यात जाळायचा, राख गोळा करून पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून लोखंडी भांड्यात आटवायचं, तळाला जो खार उरतो तो पोटॅश. पोटॅश हा शब्दच पॉट आणि ॲश मिळून झालाय, म्हणजे भांड्यातली राख. तुम्ही केळीला जे एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश) खत टाकता त्यातला पोटॅश हाच शब्द, फक्त ते आता खाणीतून येतं. तो खार चरबीबरोबर शिजवला की मऊ साबण व्हायचा, आणि त्या साबणाशिवाय लोकर धुता येत नव्हती, नव्या कापडाचा तेलकटपणा जात नव्हता. काचेला आणि रंगाऱ्याला पण तोच खार लागायचा. आपल्याकडे लोणारी चुना आणि कोळसा भाजायचे आणि धंद्यावरूनच ओळखले जायचे, तसं हे.

आता गाव. हे आडनाव जुन्या नोंदींत दाट दिसतं ते फर्नेस नावाच्या भागात, मोरकम खाडीच्या पलीकडे, अल्व्हरस्टन, डाल्टन, अर्सविक ही तिथली गावं. तिथे ११२७ पासून मोठा मठ होता, ११४७ पासून तो सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा झाला, आणि हे साधू म्हणजे मेंढ्या आणि लोकर यातले पक्के व्यापारी. मेंढ्या आहेत, लोकर आहे, डोंगरभर ब्रॅकन आहे, मग राख जाळणारा लागणारच. तिथल्या जंगलात दगडी भट्ट्यांचे गोल अवशेष अजून आहेत, स्थानिक लोक त्यांना एलिंग हर्थ म्हणतात, मी एक बघितलाय, वरून नुसता दगडांचा खड्डा वाटतो, पाटी नसती तर मी त्यात डबा खाऊन पुढे गेलो असतो.

एक घोळ लक्षात ठेवा. नेटवर कुठे लँकेशायरचं आडनाव लिहिलेलं दिसेल कुठे कंब्रियाचं. दोन्ही खरं. फर्नेस हा भाग लँकेशायरचाच होता, फक्त मध्ये खाडी असल्याने तुटलेला, १९७४ ला तो कंब्रियात घातला आणि २०२३ पासून तिथे वेस्टमोरलंड अँड फर्नेस अशी नवीन काउन्सिल आहे. आपल्याकडे १९०६ ला खानदेशचा पूर्व आणि पश्चिम झाला, मग जळगाव, धुळे, आणि १९९८ ला नंदुरबार, त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर एक जिल्हा आणि नातवाच्या आधारवर दुसरा, तोच प्रकार.

रावेरचा_केळीवाला

बापरे, मस्त. म्हणजे आमच्या वतनावर पोटॅशवाल्याची सही आणि आम्ही तीन पिढ्या पोटॅश टाकतोय 😄 चुलतभावाच्या जर्मनचं काय पण? तो ऐकायलाच तयार नाही.

भुसावळ_ते_प्रेस्टन

भावाला अगदीच हाकलू नका. जर्मनीत पण हाच धंदा होता, काचभट्ट्यांना राख पुरवायचा, आणि त्यावरून आशेनब्रेनर, आशब्रेनर ही आडनावं तिकडे आहेत. अर्थ तोच, नातं काही नाही, दोन्हीकडे आपापली आडनावं पडली. फक्त अमेरिकेच्या यादीत मोजायला गेलात तर सांभाळून, तिकडे गेलेल्या जर्मनांनी आडनावं इंग्रजी वळणाची करून घेतलेली असतात, म्हणून तिथला प्रत्येक ॲशबर्नर फर्नेसचा धरू नका.

सूक्ष्मजीव_ताई

हे आडनाव मी ऐकलेलं आहे की! बायोटेक केलेल्या कोणालाही विचारा. जीन ऑन्टॉलॉजीचा (जनुकांची कामं नोंदवायची ठराविक शब्दयादी) २००० सालचा जो पेपर सगळे सायटेशनमध्ये टाकतात त्यात पहिलं नाव ॲशबर्नर. मायकेल ॲशबर्नर, केंब्रिजचे, फळमाशीवर काम केलं आयुष्यभर, फ्लायबेस हा फळमाशीच्या जनुकांचा डेटाबेस उभा करण्यात पण ते होते, २०२३ मध्ये गेले. विद्यापीठात असताना आम्ही ते नाव इतक्या वेळा टाईप केलंय पण राख वगैरे कधी डोक्यात आलं नाही.

आडनाव आणि जेनेटिक्सचं एक सांगते, प्रश्नाला धरूनच आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय क्रोमोसोम पण. म्हणून लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ब्रिटनच्या ४० आडनावांच्या पुरुषांचे वाय क्रोमोसोम तपासले. स्मिथसारख्या आडनावात दोन माणसं नुसती योगायोगाने एका आडनावाची, कारण लोहार गावोगाव होते. पण आडनाव जितकं दुर्मिळ तितकी एकाच मूळ पुरुषापर्यंत जाण्याची शक्यता वाढत गेली. आपल्याकडे पाटील आडनावाच्या दोन माणसांचं काय नातं, काही नाही, पदच होतं ते. पण एखादं आडनाव दोन-चार गावांतच असेल तर लग्न जुळवताना म्हातारी माणसं आधी कूळ विचारतात ते उगाच नाही.

आकडेमोड_जळगाव

किती आहेत हा भाग राहिला, तो मी घेतो. पहिली गोष्ट, आडनावाच्या साइटी जो जगाचा आकडा देतात (इतके हजार इतके शे इतके, असा शेवटच्या माणसापर्यंत) तो बराचसा हिशेबाने फुगवलेला अंदाज असतो, त्याच्यावर भांडू नका. खरा आकडा हवा तर मूळ नोंदींतून मोजा आणि एका देशापुरता मोजा.

इंग्लंडमध्ये हे सोपं आहे कारण त्यांचे कागद टिकले. चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून, जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून, आणि दर दहा वर्षांची जनगणना, त्यातली नावानिशी पानं साधारण १८४१ पासून हाताला लागतात. १८८१ ची जनगणना स्वयंसेवकांनी सगळी उतरवून काढली आहे, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघता येते, आडनावाचे अभ्यासक बहुतेक हिशेब त्याच वर्षापासून धरतात. फ्रीबीएमडी या साइटवर जन्मनोंदी तिमाही-तिमाहीने मोजता येतात. १९३१ ची शोधू नका, ती १९४२ ला आगीत जळाली.

आता मोजताना नुसता एकूण आकडा घेऊन काही कळत नाही, जिल्ह्यावार घ्या. समजा दोन आडनावं आहेत आणि दोन्हींची माणसं सारखीच, एक सगळ्या देशात शिंपडलेलं आणि एक एका खाडीकाठी दाटलेलं, तर त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. पहिलं वेगवेगळ्या ठिकाणी आपोआप उगवलेलं असू शकतं, दुसऱ्याला एकच मुळी असण्याचा वास येतो. ॲशबर्नर दुसऱ्यातलं. आणि स्पेलिंग सगळी टाकून बघा, कारकून ऐकेल तसं लिहायचा, एक एस जास्त, शेवटी ई-आरच्या जागी ओ-आर, असं बरंच निघतं.

मग राख जाळणारे बऱ्याच ठिकाणी असणार तर आडनाव एवढंसंच का राहिलं? याच्यावर गणित आहे आणि मला ते फार आवडतं. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने प्रश्न छापला की आडनावं नामशेष का होतात, आणि वॉटसन नावाच्या पाद्रीने तो सोडवून दाखवला. मुद्दा असा की प्रत्येक पुरुषाला किती मुलगे होतील हे नशिबावर, कोणाला चार, कोणाला शून्य, कोणाला सगळ्या मुलीच. आडनाव एकाच घरापासून निघालं असेल तर पहिल्या काही पिढ्यांत एखादी वाईट पिढी आली की खेळ खलास. हजार घरांपासून निघालेल्याला काही होत नाही, म्हणून स्मिथ आज इंग्लंडमध्ये शंभरातला एक आहे. त्यात भर म्हणजे तिकडे १४०० च्या आसपास बहुतेकांची आडनावं पक्की झाली आणि १३४८ च्या प्लेगनंतर वारंवार येणाऱ्या साथी झेलत ती पुढे आली, लहान आडनावं त्यात किती गेली असतील. म्हणजे ॲशबर्नर दुर्मिळ का यापेक्षा ते उरलं कसं हेच नवल म्हणायला हवं.

धुळे_दफ्तर

मुंबईत हे आडनाव कलेक्टरच्या बऱ्याच आधी आलेलं आहे बरं का. १७९० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे कुरियर या वर्तमानपत्राशी ल्यूक ॲशबर्नर हे नाव जोडलेलं आहे. इकडच्या गोऱ्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, एन मालिका, त्यात एक बंगाल, दोन मद्रास, तीन मुंबई. खानदेश हवा तर तीन नंबर. फिबिस नावाची संस्था आहे, तिच्या साइटवर यातलं बरंच आडनावाने शोधता येतं.

अहिराणी_भाऊ

भारी धागा शे हाऊ. मना एक सवाल. आमना आजला वाघना शिकारी प्रोबिन साहेबन्या गोष्टी सांगे. ते आडनाव बी आसंच धंदानं शे का?

भुसावळ_ते_प्रेस्टन

नाही भाऊ, ते वेगळं. मेजर प्रोबिन खानदेशात पोलीस सुपरिंटेंडंट होता, पण आडनाव वेल्सचं. वेल्श भाषेत आप म्हणजे अमक्याचा मुलगा. आप रॉबिन बोलता बोलता प्रोबिन झालं. त्याच काळातला आपल्याकडचा दुसरा अधिकारी प्रॉपर्ट, ते आप रॉबर्ट. प्राईस, पॉवेल, प्रिचर्ड, पॅरी सगळी याच साच्यातली. भुसावळच्या कबरस्तानात अजिंठ्याची चित्रं उतरवणारा रॉबर्ट गिल आहे ना, १८७९ ला गेला तो, ते गिल पुन्हा उत्तरेकडचं, व्हायकिंग लोकांच्या भाषेत गिल म्हणजे घळ, आणि फर्नेसच्या डोंगरात नकाशावर पावलोपावली कुठलं ना कुठलं गिल आहे. पण गिल बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या कारणाने पडलंय, त्याचं मूळ एकाच जागी बांधता येत नाही.

रावेरचा_केळीवाला

आणि धरणगावचा औट्रम? १८२५ ची भिल्ल पलटण उभी करणारा. मास्तर आता तेच विचारतायत.

धुळे_दफ्तर

त्याच्यासाठी डर्बीशायर. मास्तरांना त्यांचा जिल्हा मिळाला एकदाचा. जेम्स औट्रम १८०३ ला तिथेच बटर्लीला जन्मला, बाप बेंजामिन औट्रम कालवे आणि ट्रामचे रस्ते बांधणारा इंजिनिअर, बटर्लीच्या लोखंड कंपनीच्या संस्थापकांपैकी. नवीन धागा काढा, इथे आता वाचायला खाली फार सरकावं लागतंय.