शिसपेन्सिलीत शिसं कुठंय?

फोनची नंबर फिरवायची तबकडी गेली तरी इंग्रजीत फोन 'डायल' करतात आणि ठेवताना 'हँग अप' (टांगणं) करतात. 'असे विसंगत शब्द इंग्रजी बोलणारे बदलत का नाहीत?' असा प्रश्न कुणी विचारला होता, त्यावर माझी थोडी भर.

परवा ठाण्यात जांभळी नाक्यावर भाचीसाठी पेन्सिली घेत होतो. तिनं विचारलं, "मामा, शिसं विषारी ना? मग मी टोक चावते त्याचं काय?" चावू नकोसच म्हटलं, पण त्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं. सोळाव्या शतकात इंग्लंडात बोरोडेलला हे काळं खनिज सापडलं, तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. तो कार्बन आहे हे शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं 1779 मध्ये दाखवलं. तोवर इंग्रजीत 'लेड' (शिसं) तोंडात बसलं होतं, ते आजही आहे. गंमत म्हणजे ती चूक आपणही 'शिसपेन्सिल' म्हणून घरात घेतली!

सप्टेंबरचंही तेच. त्यातला 'सप्त' उघड दिसतो, पण महिना नववा, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं.

माझ्या मते रुळलेला शब्द कुणी फोडून बघतच नाही, ते अख्खं लेबल होतं. जांभळी नाका सांगितलं की रिक्षावाला मीटर टाकतो, जांभळं कुठायत विचारत नाही. बदलायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायला हवं. कोण करणार ती उठाठेव? भाची मात्र अजून दुकानदाराला 'ग्राफाइटपेन्सिल द्या' म्हणते, आणि तो 'म्हणजे कुठली?' विचारतो.