मदत हवी आहे: देवदूत म्हणजे सांगावा आणणारा, हे पोरांना कसं पटवायचं?

मेळघाटातल्या संडे स्कूलसाठी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा (लूक 1) पाठ बसवतोय. ‘देवदूत’ म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे पंखच येतात, निरोप बाजूला राहतो. लूक 1 मध्ये पंखांचा उल्लेखच नाही. त्यातला देवदूत गब्रीएल आधी ‘भिऊ नको’ म्हणतो, मग सांगावा देतो. ‘तुला मुलगा होईल’ या सांगाव्यावर म्हातारा याजक जखऱ्या विश्वास ठेवत नाही म्हणून मुका होतो.

हिब्रू ‘मलाख’, ग्रीक ‘आंगेलोस’, दोन्हींचा मूळ अर्थ निरोप्या. जुन्या करारातल्या हाग्गय 1:13 मध्ये तर हाग्गय संदेष्ट्याला, म्हणजे माणसालाच, ‘मलाख’ म्हटलंय. मोठी पोरं देवदूतालाच प्रार्थना करायची का विचारतात. त्यांना बायबलमधलं प्रकटीकरण 22:8-9 पुरतं: तिथे देवदूत स्वतःच म्हणतो, मला नमन करू नको, देवाला कर.

लहानग्यांसाठी वऱ्हाडीत ‘सांगाव्या’ शब्द चालेल का? चित्र पंखांविना काढावं का? कुणी शिकवलं असेल तर कृपया सांगा.